पुस्तकातली सवत

सरक गो जवळ, पोरी. महिना महिना तोंड दाखवत नायस! आज भात पाखडताना तुसाचा वास आला आणि मी थेट मुरबाडच्या खळ्यावर पोचले.

लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, म्हणून तुझे आजोबा दिवसाच, मी खळ्यावर भात पाखडत असताना, मला गोष्ट वाचून दाखवत. स्पेन देशातला एक वेडा सरदार, त्याला दाणे पाखडणारी साधी शेतकरीण राजकन्या दिसे. ऐकताना माझा नुसता जळफळाट! ती बाई जगातच नव्हती, तरी सवत वाटली. म्हटलं, "आणि माझ्यात तुमाला काय दिसतं?"

हे म्हणाले, "नाकावर तूस दिसतं."

शहाणा माणूस! मी कितीतरी दिवस अबोला धरला.

आता वाटतं, नाकावरचं तूस दिसायला किती जवळून बघावं लागतं गो. तसं बघणारं घरात कोण नाय. तू तरी लवकर ये परत.