यॉर्कच्या टेकाडावर दहावा माणूस

"यॉर्कला जायचंय. नेशील का गं?" सॅमसनकाकांनी फोनवर विचारलं आणि नकाशा न बघताच मी हो म्हणून बसले. मग नकाशा बघितला. आधी माझ्या घरून, बेसिंगस्टोकहून, लंडनमधल्या वेम्बलीला, तिथून काका-काकूंना गाडीत घालून एमवन हायवेने सरळ उत्तरेला. एका दिवसात जाऊन यायचं, मुक्काम करायचा नाही, ही काकांची अट. यॉर्कमध्ये ज्यू माणसाने रात्र काढू नये असं जुनी माणसं सांगतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काका पाळतात.

सॅमसनकाका आणि रिबेकाकाकू बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. वेम्बलीतल्या ईलिंग रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात पोह्यांवरून दुकानदाराशी कुणीतरी अस्सल अलिबागी मराठीत हुज्जत घालत होतं. मी वळून बघितलं, त्या काकू. तेव्हापासून त्यांच्या घरी माझं ताट असतंच. काकांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. काका साठच्या दशकात इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत बसच्या गॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त करत राहिले.

यॉर्कला कशाला, तेही सांगते. आठशे वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, तिथल्या ज्यूंच्या मागे जमाव लागला. ज्यांनी त्यांच्याकडून कर्जं काढली होती तेच पुढे होते. बायकामुलांसकट सगळे किल्ल्याच्या लाकडी बुरुजात शिरले. बाहेर जमाव, आत उपास. जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा बहुतेकांनी आतच एकमेकांचा जीव घेतला. जे उरले त्यांना 'बाप्तिस्मा घ्या, सोडतो' असं वचन दिलं आणि बाहेर येताच मारलं. शंभर वर्षांनी राजाने उरलेसुरले ज्यूही देशाबाहेर काढले.

त्यांच्यासाठी काकांना कद्दिश म्हणायचं होतं. ही मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. निदान दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात. बायका मोजत नाहीत. (यावर माझं मत काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, रांगेत उभी राहा, माझा नंबर आधी आहे.") पूर्वी काका लंडनमधल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जायचे. तिथे दर वेळी कुणीतरी प्रेमाने विचारायचं, तुम्ही धर्म कधी बदललात? शेवटी वैतागून त्यांनी जाणंच सोडलं. त्यामुळे दहांत उभं राहून कद्दिश म्हटल्याला वर्षं लोटली होती. उत्तरेकडच्या एका गावातला गट मार्चमधल्या त्या रविवारी बुरुजापाशी प्रार्थना करणार आहे, असं त्यांच्या कानावर आलं. एकदा तरी त्यात उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. पहाटे निघालात तर एमवन मोकळा मिळतो. हायवेवरच्या सर्व्हिसेसमधला चहा महाग आणि पाणचट, थर्मास न्या. यॉर्कमध्ये गाडी आत घालू नका, गावाबाहेर पार्क अँड राइडला लावून बसने जा. काकूंनी चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि एका डब्यात मलिदा घेतला होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि सुका मेवा. बेने इस्रायली घरांत एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने तो करतात. नवस फेडायलाही करतात आणि आनंद झाला तरी करतात.

गाव देखणं आहे, नाही म्हणत नाही. जुनी तटबंदी, अरुंद गल्ल्या, मोठं थोरलं मिन्स्टर, म्हणजे इथलं जुनं चर्च. आणि मग तो बुरूज. हिरवंगार उभं टेकाड, त्यावर पिवळे डॅफोडिल्स, वर दगडी बुरूज. लाकडी जळला, हा नंतरचा. टेकाडाला खेटून काय असावं? कार पार्क! माणसं जिथे मेली तिथे लोक डिकी उघडून बाबागाड्या काढत होते. पायथ्याशी एक पाटी आहे, चार ओळींची, तीही शोधावी लागते. एक बाई तिला टेकून आइस्क्रीम खात होती. माझं डोकं तिथेच तापलं. तिकीट काढून वर जाता येतं, पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. आम्हीही खालीच थांबलो, कारण गट पाटीपाशी जमणार होता.

माणसं आली. काळे ओव्हरकोट, टोप्या, हातात पुस्तकं, सोबत काही बायका. त्यांच्या म्होरक्याने पुरुष मोजले. नऊ. दहावा यायचा होता, तो आजारी पडला होता. मला वाटलं, देव आहे की काय खरंच! काका टोपी सारखी करून पुढे गेले.

"गुड मॉर्निंग. मी येतो तुमच्यात."

म्होरक्या हसला. अगदी सभ्य माणूस. "हाऊ काइंड. पण आम्हाला ज्यू पुरुष हवाय."

"मी ज्यूच आहे. बेने इस्रायल, बॉम्बेकडचा."

"अच्छा. म्हणजे कन्व्हर्ट झालात? कुठे? कोणत्या रब्बायनी केलं?"

"कुणीच नाही. माझा बाप ज्यू, आई ज्यू, त्यांचे आईबाप ज्यू. दोन हजार वर्षं तिकडेच आहोत."

गटातला एक म्हातारा म्हणाला, "अरे, घ्या ना त्यांना." म्होरक्या त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि काकांकडे वळला. "आय ॲम शुअर यू अंडरस्टँड. खात्री असल्याशिवाय मोजता येत नाही. नियमाचा प्रश्न आहे."

उत्तर काकूंनी दिलं, तेही मराठीत. "खात्री? आमची खात्री करायला हा कोण टिकोजीराव लागून गेला?"

त्यांनी काकांना मोजलं नाही. नऊ जणांत कद्दिश होत नाही, म्हणून कद्दिश झालंच नाही. एक स्तोत्र वाचलं, पुस्तकं मिटली. ज्यांना ज्यू म्हणून मारलं, त्यांच्यासाठीची प्रार्थना आठशे वर्षांनी त्याच जागी राहून गेली, कारण दहावा माणूस पुरेसा गोरा नव्हता. नियमाचं मला सांगू नका. त्या नऊ जणांतल्या एकालाही कुणी आजीचं नाव विचारलं नव्हतं.

मी एवढी का भडकले? मी बौद्ध आहे. "आडनाव काय? आणि मूळचं गाव?" हा गोड आवाजातला प्रश्न मला पुण्यात खोली शोधताना विचारला गेला, आणि इथे मेडनहेडला एका मराठी घरी हळदीकुंकवाच्या वेळीही. विचारणारा नेहमी सभ्यच असतो. त्यामुळे हे खूळ फक्त त्यांच्यातच आहे असं म्हणून मी सुटणार नाही. आपल्याकडे त्याचं पीक बारमाही आहे.

"काका, तुम्ही म्हणून टाकायचं होतं मोठ्याने! कोण अडवणार होतं?" मी म्हटलं.

"दहा लागतात. नियम मलाही आहे ना," काका म्हणाले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. मग काकूंनी डबा उघडला आणि त्या सरळ त्या गटात घुसल्या. "मलिदा. घ्या. कोशर आहे, दूध-तूप काही नाही." (कोशर म्हणजे ज्यू धर्माला चालणारं.) म्हाताऱ्याने ओंजळ पुढे केली. आणखी तिघांनी घेतला. म्होरक्याने हात मागे बांधले.

नदीकाठी बसून चपाती-भाजी खाल्ली. मग लगेच परत निघालो. अंधार पडायच्या आत आम्ही यॉर्कशरच्या बाहेर होतो.

जावं का यॉर्कला? जा. मार्चमध्येच जा, फुलं असतात तेव्हा. मिन्स्टर बघा, पण आधी ती पाटी शोधा आणि तिला कुणी टेकलं असेल तर उठवा.

घरी आल्यावर आठवडाभर मी धुमसत होते. शेवटी त्या गटाला एक खरमरीत पत्र लिहिलं आणि धाडण्याआधी काकांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान लिहिलंयस. एकही शब्द कमी करू नकोस," ते म्हणाले. "फक्त खाली माझा फोन नंबर टाक."

"कशाला?"

"त्यांच्यातलं कुणी गेलं आणि दहावा कमी पडला, तर मला बोलवा म्हणावं. ट्रेनने येईन."

"तुम्ही जाल? त्या माणसाकडे?"

"त्याच्याकडे कशाला? मेलेल्याकडे जाईन," काका म्हणाले. "मेलेल्याने माझं काय घोडं मारलंय?"