कागदाएवढी जागा

आमच्या भाऊजींनी लावलेलं बरणीचं झाकण उघडायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. नळ ते इतका आवळतात की वॉशर टिकत नाही. ताई चिडते, मी यथेच्छ तोंडसुख घेते, आणि भाऊजी म्हणतात, "असू दे, सैल नको."

भाऊजी दुर्बिणींच्या कारखान्यात फिटर आहेत. ताई तिथेच आरशाच्या काचा घासते आणि मी नळ्यांना रंग देते. दुर्बिणीच्या तळाशी आरसा बसतो. त्याच्यामागचे तीन स्क्रू केसभर इकडेतिकडे फिरवून तो नेमका सरळ करायचा, हे भाऊजींचं काम. आरसा निसटू नये म्हणून कडेला तीन क्लिपा असतात, पण त्यांनी काचेला दाबायचं नाही, दाबली की काच किंचित वाकते. मधून कागद सरकला पाहिजे. भाऊजी कागद सरकवून बघतात आणि मग स्वतःच्या समाधानासाठी क्लिप जराशी आवळतात. मागे एकदा ट्रकमध्ये एक आरसा निसटून फुटला होता. चूक दुसऱ्याची होती, पण चुरा भाऊजींनी भरला होता. तेव्हापासून त्यांचा हात थांबत नाही.

त्या दिवशी ताईच्या सगळ्यात मोठ्या आरशाची तपासणी होती. आधीचे दोन नापास झाले होते. हाही गेला तर काच घासायचं काम काढून तिला पॅकिंगला बसवणार, असं साहेबांनी सरळच सांगितलं होतं.

तपासणीची खोली म्हणजे लांबलचक बोळ. दुसऱ्या टोकाला दिव्यापुढे टाचणीने टोचलेलं भोक, तोच आमचा तारा. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ठिपका गोल नव्हता, तिकोनी होता. भाऊजींनी मागचे स्क्रू फिरवले. ठिपका मधोमध आला, पण तिकोनीच राहिला.

साहेबांनी भाऊजींना विचारलं, "क्लिपा सैल आहेत ना?"

"कागद घालून बघितलंय," भाऊजी म्हणाले.

खोटं नव्हतं. पण त्यानंतर ते काय करतात हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी मान हलवली. मग काचेतच दोष आहे, ते ताईकडे न बघता म्हणाले. ताई भिंतीला टेकून उभी होती. भाऊजी फडक्याने हात पुसत राहिले. पुसण्यासारखं हातांना काही नव्हतंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल इतकं.

साहेब दाराशी पोचले.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "काच बरोबर आहे. कागद बघितल्यावर मी क्लिपा आवळल्यात."

साहेब दारातून मागे फिरले. भाऊजी वाकले. एक हात आरशाच्या कडेखाली धरून त्यांनी पाना लावला. पहिली क्लिप सैल झाली तशी काच टक् वाजली आणि भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. आरसा हातात येतोय असंच त्यांना वाटलं असणार. तरी त्यांनी दुसरी सोडली, मग तिसरी. काच जागची हलली नाही. साहेबांनी पुन्हा डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गोल आहे." माझा जीव भांड्यात पडला. ताईने तेव्हा कुठे माझं मनगट सोडलं.

घरी आल्यावर भाऊजी चपला न काढताच खुर्चीत बसले. ताईने त्यांना पाणी दिलं.

"तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तिकोनी ऐकलं तेव्हाच. तीन क्लिपा, तीन कोपरे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

भाऊजींनी पेला खाली ठेवला. "आणि नसतो बोललो तर?"

"तर पॅकिंगला गेले असते," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिथून ती याच घरी परत आली असती का, हे भाऊजींनी विचारलं नाही. मीही नाही.