बारावा फर्मा

बातमी मला सुलभानं सांगितली. कॉलेज सुरू व्हायला आठवडा होता आणि मी स्टाफरूममध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक आखत बसले होते. सुलभा दाराशी आली, आत येऊ का असंही विचारलं नाही, आणि म्हणाली, "बाई, आपली हमीदा वारली." कावीळ झाली होती. पंधरा-वीस दिवस अंथरुणात होती, शेवटचे चार दिवस दवाखान्यात... आदल्या दिवशी दुपारी दफनही होऊन गेलं होतं. मी सुलभाला बसवलं, पाणी दिलं, जे विचारतात ते सगळं विचारलं. ती रडून निघून गेल्यावर मी वेळापत्रकातला सोमवारचा रकाना पूर्ण केला. मग मंगळवारचा. हात थांबले असते तर जी गोष्ट मी महिनाभर पुढे ढकलत होते ती समोर येऊन उभी राहिली असती, आणि तिला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची पद्धत आहे. हमीदाबद्दल तसे शब्द शोधायला मला कष्ट नाहीत. पण या लेखात मला माझ्याबद्दलही काही सांगावं लागणार आहे आणि ते सांगायला मला मुळीच आवडत नाही. नगरला मी अकरा वर्षं मराठी शिकवते आहे. बी.ए.ला एक जुनी कादंबरी नेमलेली असते. तिची आवृत्ती केव्हाच संपली, बाजारात मिळत नाही, कॉलेजच्या ग्रंथालयातली एकुलती प्रत कुणीतरी नेली ती नेलीच. माझ्याकडे मात्र माझ्या वडिलांची प्रत होती. त्यामुळे वर्गात कादंबरी म्हणजे मी, आणि मी म्हणजे माझ्या नोट्स. स्वभाव, प्रसंग, निष्कर्ष असे तीन भाग पाडून मी प्रत्येक पात्र सांगायची आणि मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची. त्या नोट्स पार जामखेड-शेवगावच्या पोरांपर्यंत गेल्या होत्या. कादंबरीतली थोरली जाऊ भागीरथी, जी विधवा धाकट्या जावेला, उमेला, भर उन्हात घराबाहेर काढते, तिला मी 'पाषाणहृदयी' म्हटलं होतं. पेपर तपासणारे एक स्नेही मला म्हणाले होते, "नगरचा गठ्ठा उघडला की वास येतो हो, शंभर पोरं आणि एकच भागीरथी." मी ते कौतुक समजले होते.

हमीदा भिंगारची. तिचे अब्बा पुस्तकं बांधायचे. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांची हजेरीबुकं, वाचनालयांतली फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. घरात बोलणं दखनीत, पण पोरीचं मराठी असं की माझ्या सदाशिवपेठी मावशीनं ऐकत राहावं. सुलभाबरोबर रोज भिंगारहून चालत यायची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची, आणि नोट्स उतरवता उतरवता मध्येच थांबायची. तिचं थांबणं मला खुपायचं. एकदा विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "बाई, तुम्ही भागीरथीला एकदाही बसून बोलू दिलं नाहीत." वर्ग हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, आली मोठी शहाणी. दुसऱ्या एका दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी रेंगाळली. वाईट माणूस चारचौघांत काय करतो ते सगळेच लिहितात, पण एकटा असताना काय करतो ते कळल्याशिवाय त्याला वाईट कसं म्हणायचं, असा तिचा प्रश्न होता. मी म्हणाले, परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न असतो, तेवढ्यात एवढं मावत नाही. ती म्हणाली, "खरंय बाई," आणि वही छातीशी धरून गेली. आज वाटतं, अकरा वर्षांत माझ्या वर्गात कुणी साहित्याबद्दल काही विचारलं असेल तर ते त्या दिवशी त्या पोरीनं.

मागच्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळीनंतर वर्ग निम्मा झाला, खेड्यांतली मुलं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. त्या ओस पडलेल्या वर्गात मी चाचणी परीक्षा घेतली आणि भागीरथीचं व्यक्तिचित्रण विचारलं. बावीस जणांनी पाषाणहृदयी लिहिलं. हमीदानं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की उमेला घालवून दिल्यावर तिसऱ्या दिवशी भागीरथी कुणाला न सांगता गावाबाहेरच्या धर्मशाळेत जाते. मी तिथेच थांबले. असा प्रसंग कादंबरीत नव्हता. अकरा वर्षं शिकवलेली कादंबरी, मला ठाऊक नाही असं तिच्यात काय असणार? पुढचं दीड पान न वाचता मी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "कादंबरी नीट वाचा." तेवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. पण पेपर वाटताना मी तिला उभं केलं.

ती म्हणाली, "बाई, आहे तसं पुस्तकात. अब्बांकडे वाचनालयाची प्रत बांधायला आली होती, तेव्हा मी वाचली." आवाज अगदी हळू. मी माझी प्रत तिच्या हातात दिली आणि म्हणाले, दाखव. तिनं उमेला घालवल्याचा भाग काढला, पुढची चार पानं उलटली आणि एका जागी थांबली. पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं. ते पान मागं केलं, पुन्हा पुढं केलं. मग माझ्याकडे बघितलं... ती नजर मी तेव्हा ओळखली नाही. मला वाटलं घाबरली. पुस्तक मिटून दोन्ही हातांनी मला परत देत ती म्हणाली, "नाही बाई. माझंच चुकलं." आणि मी, जिनं तिथं गप्प बसायला हवं होतं, म्हणाले, "मराठी कादंबरी समजायला मराठी घर लागतं, हमीदा." दोघं-तिघं हसले. ती खाली बसली आणि तिनं वही उघडली. मला माझ्या बोलण्याची लाज वाटायला हवी होती, पण त्या दिवशी मला फक्त जिंकल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये विद्यापीठाची परीक्षा झाली. शेवटच्या पेपरला ती व्हरांड्यात भेटली. पेपरात भागीरथीचाच प्रश्न आला होता. मी विचारलं, काय लिहिलंस? "तुमचंच लिहिलं, बाई. पाषाणहृदयी." असं म्हणून ती हसली. त्या हसण्यात रुसवा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तिला एम.ए. करायचं होतं, पुण्याला जायचं होतं, अब्बा हो म्हणाले होते. मी म्हणाले, शहाणी झालीस.

मे महिन्यात माझ्या वडिलांच्या प्रतीची पाठ उखडली, शिवण सुटली. दुसऱ्या कुणाकडे देण्यापेक्षा हमीदाच्या अब्बांकडे द्यावी म्हणून मी भिंगारला गेले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खळीचा वास, पुठ्ठ्यांची चळत, दाभण, दोऱ्याची रिळं. अब्बांनी चटई झटकली. "बसा बाई. पोरगी लई सांगती तुमच्याबद्दल." मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि उघडून वाचायच्या आधीच बोटांनी सरासरा पानं सोडत खालचे आकडे बघू लागले. मी विचारलं, काय करता? ते म्हणाले, "मोजतो. सोळा पानांचा एक फर्मा असतो बाई. हातात पुस्तक आलं की आदी फर्मे मोजायचे, मग सुई. हमीदा पाच वर्सांची हुती तवापास्नं मोजती." मग त्यांचं बोट थांबलं. "ह्यात बारावा फर्मा न्हाई. एकशे शहात्तरवरनं एकदम एकशे त्र्याण्णव. छापखान्यातच ऱ्हाऊन गेला आसंल."

आतल्या दारात हमीदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं, आणि तिनं ऐकलंय हे मला दिसलं होतं. त्या कादंबरीत प्रकरणांना आकडे नाहीत, दोन प्रकरणांमध्ये नुसती फुली आहे. एकशे शहात्तराव्या पानाच्या शेवटी एक प्रकरण संपतं आणि एकशे त्र्याण्णवाव्याला दुसरं सुरू होतं. अकरा वर्षं मी त्या फटीवरून ये-जा केली होती. पोरीला ती फट वर्गात एका नजरेत दिसली, आणि सगळ्या वर्गासमोर बाईंची अब्रू जाऊ नये म्हणून तिनं स्वतःची घालवली. हे सगळं मला त्या चटईवर बसल्या बसल्या कळलं. तिथंच म्हणायचं होतं, हमीदा, माझं चुकलं. एवढंच. तिच्या बापासमोर म्हणायचं होतं... मी चहा घेतला. बशी खाली ठेवली. म्हणाले, "असू द्या चाचा, आहे तसंच बांधा." हमीदानं कप उचलला आणि विचारलं, "साखर बरोबर होती ना, बाई?"

घरी येताना मी मनाची समजूत घातली. अपमान वर्गात केला, तर माफीही वर्गातच मागायला हवी. जूनमध्ये ती दाखला न्यायला येईल, तेव्हा तिला हाताला धरून वर्गात नेईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. विचार चांगला होता. भित्र्या माणसाचे विचार नेहमीच चांगले असतात, फक्त त्यांना पुढची तारीख लागते. पत्र लिहिता आलं असतं. भिंगार काही लांब नाही. ती आजारी आहे हे मला कळलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं.

सुलभानं बातमी सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिंगारला गेले. बायका आत होत्या. अब्बा पुढच्या खोलीत बसले होते, समोर काम नव्हतं. मला बघून उठले, भिंतीतल्या फडताळातून माझं पुस्तक काढलं. नवी कापडी पाठ, नवा पुठ्ठा. "पोरीनं हट्ट केला, बाई. म्हनली, अब्बा, बाराव्या फर्म्याच्या जागी कोरा घाला. मी वाचनालयातनं पुस्तक आनते नि उतरून काढते. रोज एक पान लिवायची. अंगात ताप आसला तरी उठायची." मी पुस्तक उघडलं. एकशे सत्त्याहत्तर. काळी शाई, टपोरं अक्षर, खालच्या कोपऱ्यात पानाचा आकडा, छापल्यासारखा. एकशे पंच्याऐंशीपर्यंत लिहिलेलं होतं. पुढची सात कोरी.

मला हुंदका आवरेना. लेक त्यांची गेली होती आणि तेच मला पाणी आणून देत होते. मी त्यांना सांगितलं. वर्गात काय झालं, मी काय बोलले, घराबद्दल काय बोलले, सगळं. त्यांना लागलं. लागणारच. मग म्हणाले, "ती आसलं काय बोल्ली न्हाई आमाला. एवडंच म्हनायची, बाई चुकत न्हाईत, त्यांच्याजवळ पुस्तकच अपुरं हाय." मला शिव्या दिल्या असत्या तर मी ताठ मानेनं घरी आले असते. निघताना ते उंबऱ्यापर्यंत आले, पण पुन्हा या असं म्हणाले नाहीत. त्यांनी का म्हणावं?

तिचा निकाल लागला आहे. पास आहे. त्या भागीरथीला किती गुण मिळाले असतील कोण जाणे, पण ते तिचे नाहीत, माझे आहेत, आणि मला ते नकोत. तिनं चाचणीत लिहिलेलं ते दीड पान मी शोधलं. उन्हाळ्यात कॉलेजनं जुने पेपर रद्दीत घातले होते. वाचनालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिथं ती प्रत आहे, तिच्या अब्बांनी बांधलेली. मी दोनदा वाचनालयाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. वाचून घ्यायचं तर ते तिच्याकडून घ्यायचं होतं.

गेल्या आठवड्यात नव्या वर्गाला ती कादंबरी सुरू करायची वेळ आली. मुलांनी सवयीनं वह्या उघडल्या, कुणीतरी समासही आखला. मागच्या वर्षीची काही मुलं मी मुद्दाम बोलावली होती. सुलभा होती, हसणाऱ्यांपैकी एक होता. मी सगळं सांगितलं. हमीदाचं नाव घेऊन सांगितलं, आणि मराठी घराबद्दलचं ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा उच्चारलं, कारण ते गाळून माफी मागणं म्हणजे पुन्हा एक फर्मा गाळणं झालं असतं. मग पुस्तक उघडून तिच्या अक्षरातली नऊ पानं मोठ्यानं वाचली. भागीरथी तिसऱ्या दिवशी भाकरी फडक्यात बांधते. घरात कुणाला सांगत नाही. शेतातून जाते, वाटेत दोनदा मागं फिरते. धर्मशाळेच्या दारापाशी येते, आतून उमेच्या खोकण्याचा आवाज येतो. भागीरथी फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेते, दाराकडे हात नेते आणि... तिथं पान संपत होतं. पुढचं कोरं होतं. पहिल्या बाकावरची एक नवी मुलगी, जिला हमीदा कोण हे तासापूर्वी ठाऊकही नव्हतं, तिनं विचारलं, "मग पुढं काय झालं, बाई? तिनं दार वाजवलं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ही कादंबरी मी पूर्ण वाचलेली नाही."