काचेबाहेरून इंग्रजी

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मग सांगतो. करताय? बघा, तुम्ही आत्ताच गालातल्या गालात हसताय! असू द्या. सुरतेच्या आमच्या नवागामात झाडून सगळ्यांना कळलंय, मग तुम्हीच का मागे राहायचं? घ्या, चहा घ्या.

तर मी मूळचा लूमवरचा माणूस. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. अशा खात्यात सव्वीस वर्षं काढली. मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये कापड तपासायच्या कामाला लागलो. बसून काम, आणि दुपारच्या सुट्टीत हातात मोबाईल. त्या मोबाईलवर रोज एक इंग्रजी शब्द येतो, अर्थासकट. झालं! सहा महिन्यांत मी स्वतःला इंग्रजीचा मास्तर समजायला लागलो.

एक दिवस शब्द आला 'रन'. आता मला सांगा, रन म्हणजे काय? पळणं. क्रिकेटची धाव. एवढंच ना? अहो, कुठे आहात तुम्ही! धंदा चालवला तरी रन. अंगात ताप असला तरी रन. नाक गळायला लागलं तरी रनच! डब्यातली साखर संपली, रन आऊट. उशीर झाला, रनिंग लेट. रस्त्यात कुणी अचानक भेटला, रन इन्टू. आणि आज ना उद्या सगळं बरं होईल असं म्हणायचं असेल तर 'इन द लाँग रन'. शब्द एवढासा आणि कामं बघा त्याची! असा एक कारीगर मिळाला असता तर आमच्या शेठने बाकीच्यांना घरीच बसवलं असतं.

मी तर वेडाच झालो. संध्याकाळी बायकोला विचारलं, "काय गं, साखर रन आऊट झाली का?"

ती म्हणाली, "साखर डब्यात आहे. तुमचं डोकं कुठे आहे ते बघा."

तेवढ्यात आमची अक्का आली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, घरीच साड्यांना लेस लावते. मागे तिची मुलगी वैशाली. बीकॉम झालेली, हुशार पोर. पण इंटरव्ह्यूत कुणी इंग्रजीत विचारलं की तिची बोबडी वळायची. दोन ठिकाणी अशाच नोकऱ्या गेल्या होत्या.

अक्का आमच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, आते तिसरी बारी शे. या टायमाले बी नोकरी लागनी नही ना, तर मी पोरले जळगावले धाडी दिसू. मावशीनी स्थळ देखेल शे."

वैशालीचे डोळे भरले. पोरीला इतक्यात लग्न नको होतं हो, नोकरी हवी होती! माझी एकुलती एक भाची. माझं काळीज तुटलं. मी छाती ठोकून म्हटलं, "अक्का, तू घोर करू नको. मी शे ना!"

हे 'मी शे ना' आमच्या घराण्याला फार महागात पडत आलंय. पण ते असो.

नोकरी होती परदेशात साड्या पाठवणाऱ्या एका ऑफिसात. तिकडच्या गिऱ्हाइकांचे इंग्रजी मेसेज येतात, त्यांना उत्तरं द्यायची. मी बेत आखला. म्हटलं, "वैशाली, एकच शब्द धर. रन! दहा वेळा, दहा अर्थांनी वापर. शेठ खुर्चीतून पडला पाहिजे."

"मामा, पण ते विचारतील त्याचंच उत्तर द्यायचं ना?"

"विचारलेलं सगळेच सांगतात गं! न विचारलेलं सांगतो त्याचं इंग्रजी पक्कं समजायचं."

तीन दिवस घोकून घेतलं. पण पोर सातव्या रनला पोचली की पहिले तीन विसरायची. काय करावं? आणि मला आयडिया सुचली! अशी आयडिया फक्त लूमवाल्यालाच सुचू शकते.

तुम्ही कधी चालू खात्यात गेलात का? तिथे इतका खडखडाट असतो की कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बोलतो हातांनी आणि ओठांनी. डबा आला का, पाणी पाठव, मुकादम येतोय, सगळं खुणेने. वीस लूमच्या पलीकडून मी एकाला त्याच्या सासूची तब्येत विचारलेली आहे! तर मी प्रत्येक रनसाठी एक खूण ठरवली. कपाळावर उलटा हात, ताप. नाकाखाली दोन बोटं, नाक. खिसे उलटे, संपलं. मनगटावर टिचकी, उशीर. हात लांबवर ताणला की लाँग रन. वैशालीने सगळ्या खुणा पाठ केल्या आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी इमारतीच्या दारात म्हणाली, "मामा, तुम्ही मात्र खालीच थांबा हं. प्लीज."

"अगं हो," मी म्हटलं. आणि ती एका लिफ्टने गेली तसा मी दुसऱ्या लिफ्टने.

रिंगरोडला एका मार्केटच्या चौथ्या मजल्यावर ते ऑफिस. बाहेर मोठा हॉल, तिथे बायका साड्या पॅक करत बसलेल्या. आणि आत शेठची केबिन, अहो, अख्खी काचेची! शेठची पाठ माझ्याकडे, वैशालीचं तोंड माझ्याकडे. देवच पावला! एकच अडचण होती. आतला आवाज बाहेर येत नव्हता. वैशालीचे ओठ मला दिसत होते, पण शेठ काय विचारतोय ते कळायला मार्ग नव्हता. म्हटलं, प्रश्नाशी आपल्याला काय करायचंय? उत्तरं तर तयार आहेत!

मी हात लांब ताणला. लाँग रन!

वैशालीने मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. हळूच मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, तिला दिसलं नाही. मी दोन्ही हात ताणले. शेवटी बिचारीने म्हटलं 'इन द लाँग रन', आणि शेठचं टक्कल डुललं. चक्क डुललं हो!

मग काय, माझ्या अंगात आलं. धंद्याची खूण केली. ती म्हणाली, "माय मदर रन्स अ बिझनेस." टक्कल पुन्हा डुललं. मी कपाळावर उलटा हात ठेवला. ती कशीबशी म्हणाली, "आय अ‍ॅम रनिंग अ टेंपरेचर." शेठने खुर्ची थोडी मागे घेतली. मला वाटलं, चाट पडला! मी लगेच नाकाखाली बोटं धरली. तिचं नाक रन झालं आणि शेठने कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला. केवढा मान, म्हटलं!

इकडे हॉलमध्ये साड्या पॅक करणं बंद पडलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकजण कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "काका, बाथरूम पेली बाजु छे!"

मी "थँक्यू" म्हटलं आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रन आऊट! तिला माझी दया आली असावी. तिने डब्यातला खमण ढोकळ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. आता खमण टाकवत नाही आणि खुणेला हात मोकळा नाही. खमण तोंडात कोंबलं आणि पुढची खूण सुरू केली. रन डाऊन, म्हणजे बॅटरी उतरणं. त्याची खूण म्हणजे उभ्या उभ्या हळूहळू खाली बसत जायचं. गुडघ्यांची परवा न करता मी बसलो. जमिनीला टेकलो. नंतर दाराचं हँडल धरून, ओठांनी 'रन डाऊन, रन डाऊन' करत, हळूहळू वर आलो.

वर येऊन बघतो तर शेठची खुर्ची फिरलेली. काचेच्या पलीकडे शेठ, अलीकडे मी, मध्ये हातभर अंतर. माझ्या मिशीला खमण.

शेठने माझ्या मिशीकडे बघितलं. मग त्याने दोन हात वर केले, चिमटीत धरलेला धागा तोडल्यासारखं केलं, आणि माझ्या मागे बोट दाखवलं. अहो, खात्यात याचा अर्थ एकच! तुझ्या मागच्या लूमवर तार तुटलीय, बंद कर, कापड खराब होतंय! अशा वेळी लूमवाला विचार करत बसत नाही. मी गर्रकन वळलो आणि लूमचा दांडा खेचला. पण तिथे लूम कुठे? साड्यांची थप्पी होती, माझ्या डोक्याएवढी उंच. ती सगळी माझ्या अंगावर आली!

हॉल असा हसला की खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल. मी साड्यांतून बाहेर आलो, तर शेठ दारात उभा.

"आवो काका, अंदर आवो. कौन से खाते में थे?"

मी सांगितलं.

"मैंने भी नौ साल लूम चलाया है. बिना आवाज के होंठ हिलते देखे तो समझ गया, अपना आदमी है. बस वो नीचे बैठने वाला नहीं समझा."

मी ते समजावलं, तर शेठ हसून हसून टेबलाला टेकला. मला मात्र हसू येईना. वैशाली खाली मान घालून उभी होती. माझ्या डोळ्यांपुढे अक्का आली, जळगाव आलं, सगळंच आलं. पोरीचं वाटोळं मी केलं! मी हात जोडले, "शेठ, सगळी चूक माझी आहे. पोरीला इंग्रजी येतं. मी नसतो तर ती नीट बोलली असती. तिला परत पाठवू नका."

"परत? अरे काका, ये तो सोमवार से आ रही है!"

मी आनंदाने शेजारची खुर्चीच धरली. वैशालीकडे बघितलं तर ती रडत पण होती आणि हसत पण होती. शेवटी अस्मादिकांची शिकवणी कामी आली, या विचाराने माझी मान ताठ होतच होती, तेवढ्यात शेठ म्हणाला, "बुखार और नाक सुनके तो मैं ना बोलने वाला था. फिर एक आखिरी सवाल पूछा. कोई ग्राहक हमारी सुने ही नहीं, अपना ही चलाता रहे, तो उसको कैसे संभालोगी? क्या जवाब दिया लड़की ने!"

"काय दिलं?" मी उड्या मारत विचारलं. "कोणता रन वापरला गं?"

वैशालीने ओढणीने डोळे पुसले.

"कोणताच नाही, मामा. मी म्हटलं, सर, जरा मागे वळून बघा. सकाळपासून सांभाळतेच आहे."