दुर्बिणीचं ऑपरेशन

पडदेवालीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाईकानं मापं आणून दिली तरी ही त्याच्या घरी जाऊन, स्टुलावर चढून खिडकी पुन्हा मोजायची, मगच पडदा शिवायची. "ताकही फुंकून पितेस गं!" नवरा हसायचा. "तोंड पोळलंय म्हणून," ही म्हणायची. कुठं पोळलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे पाळीत रक्त फार जायला लागलं. मशीनवर बसली की धाप लागायची, चेहरा पांढराफटक. सोनोग्राफीत पिशवीत गाठ निघाली.

"कॅन्सरची नाही, साधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी रक्त कमी जाईल, पण गाठ तशीच राहील. शिरेतून बारीक नळी घालून गाठीला जाणारं रक्त बंद केलं की ती आक्रसते, तोही उपाय आहे. पण तुम्हाला मूल हवंय ना? मग दुर्बिणीचं ऑपरेशनच बरं."

हिनं पर्स उचलली आणि तरातरा घर गाठलं.

दुर्बिणीचं! थोरल्या जावेचं झालं होतं की दोन पोरांनंतर. मूल बंद करायचं ऑपरेशन ते, शेंबड्या पोरालाही माहीत! म्हणजे केसानं गळा कापायचा बेत होता तर. आणि नवरा? सोनोग्राफीच्या दिवशी ही कपडे बदलत होती, तेव्हा दाराबाहेर त्या बाईशी कुजबुजत होता. हिला पाहून गप्प झाला. त्याचं काय अडलंय? पहिल्या बायकोची मुलगी आहेच. मूल हवंय ते हिला एकटीला!

मग सुरू झाली पाळत. त्याचा फोन आला की ही भिंतीला कान लावायची. त्यानं डाळिंब सोलून पुढं ठेवलं, तर आधी त्यालाच खायला लावलं. तो बिचारा निमूट खायचा, आणि हिचा संशय आणखी पक्का व्हायचा. अपराधी असल्याशिवाय माणूस इतकं ऐकतो होय?

शेवटी मशीनवरच भोवळ आली. शुद्धीवर आल्यावर त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. "सांगा आता माझ्या तोंडावर! थोरल्या जावेसारखं दुर्बिणीनं माझं मूल बंद करायचं ठरवलंय ना दोघांनी?"

डॉक्टरीणबाई चकितच झाल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, दुर्बीण म्हणजे नुसतं बघायचं साधन. पोटाला बारीक छेद घेऊन ती आत घालायची. जावेच्या नळ्या बंद केल्या, तुमची गाठ काढायची. पिशवी शाबूत राहते. मूल होईलच असं वचन देत नाही, पण वाट मोकळी राहील."

हिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. "मग हे काय कुजबुजत होते?"

नवऱ्याची मान खाली गेली. "मीच म्हणालो होतो, पिशवीच काढून टाका. मूल नको, ही जगू दे. फार घाबरलो होतो गं."

"मला विचारायचंत की हो!" ती ओरडली आणि ढसाढसा रडली.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. "अजून एक सांगायला हवं. क्वचित रक्त आवरत नाही. तेव्हा जीव वाचवायला पिशवी काढावीच लागते. तुम्ही गुंगीत असाल. मी कुणाशी बोलू?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. राग होता, अजून होताच.

"यांच्याशी बोला," ती म्हणाली.