अक्काची गाडी तेल का पीत होती

अक्का कशाचाही इतिहास घ्यायची. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तर दुरुस्तीला आलेल्या माणसाला दारातच उभं करून विचारायची, याला याआधी कोणी हात लावला होता, केव्हा, आणि त्यानंतर काय बदललं. भाजीवालीच्या पोटदुखीला जे प्रश्न तेच नळाला. डॉक्टर होती ती. "आधी इतिहास विचारा, मग पोट फाडा," हे तिचं वाक्य आम्ही भावंडं तिच्या पाठीमागे नाक वर करून म्हणून दाखवत असू.

ती माझी थोरली बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आमच्याकडे लग्नामुंजीत तिचा विषय निघाला की कोणीतरी हसत सांगतं, अक्काला मोठी गाडी झेपली नाही, तिने इंजिनाची वाट लावली आणि रुसून होसकोट्याला जाऊन राहिली. गेल्या महिन्यात हेच मी माझ्या नातवाच्या तोंडून ऐकलं. हातातलं ताट खाली ठेवून उठलो. हे धादांत खोटं आहे, आणि ते पसरवणाऱ्यांच्या पंगतीला मीही बसलेलो आहे. म्हणून लिहितो.

गाडी अमेरिकन होती. भाऊजींनी ती मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी तज्ज्ञाकडून घेतली होती. तिच्या इंजिनाला टर्बो होता, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी चक्री. एकोणीसशे साठच्या त्या दशकात बंगळूरमध्ये असलं इंजिन दुसऱ्या कोणाकडे मी पाहिलं नाही. भाऊजी अचानक गेले आणि अक्काने गाडी स्वतः चालवायला घेतली. बंगळूरबाहेर होसकोट्यात एका कौलारू घरात तिचा दवाखाना होता. आसपासच्या खेड्यांतल्या बाया बाळंतपणाला तिथे येत. बसची वेळ बघून कोणाला कळा येत नाहीत, असं ती म्हणायची.

लांबून आली की ती इंजिन लगेच बंद करत नसे. दारात गाडी तशीच चालू ठेवून, हात मांडीवर घेऊन बसून राहायची. टर्बो तापलेला असताना त्याला मिळणारं तेल एकदम थांबलं तर आतलं तेल करपतं, हे तिने त्या तज्ज्ञाला खोदून खोदून विचारून घेतलं होतं. शेजारणी म्हणत, पेट्रोल फुकट जाळते. "धावून आलेल्या माणसाला तुम्ही लगेच आडवं करता का?" ती विचारायची. असं गाडी सांभाळणारं माणूस मी नंतर आमच्या कारखान्यातही पाहिलं नाही, आणि मी नोकरीभर इंजिनंच तपासत होतो.

एकदा खाली तेलाचे थेंब पडू लागले म्हणून गाडी लालबागेमागच्या एका गॅरेजात गेली. परत आली ती निळा धूर सोडतच. थेंब थांबले होते, पण आता इंजिनच तेल पिऊ लागलं. डिकीत तेलाचा डबा कायमचा बसला. कोपऱ्यावरचा टांगेवाला म्हणाला, डॉक्टरअक्का, डास मारायचं खातं तुमच्याकडे दिलं की काय. ती हसली आणि गाडी घेऊन थेट गॅरेजात गेली.

गॅरेजच्या मालकाने निदान आधीच ठरवलं होतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या, कारण बाईमाणसाचा पाय. रिंगा बदलल्या, धूर तसाच. मग सिलिंडर कातून मोठे केले, तरी तसाच. अक्का त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "गाडी तुमच्याकडे आली तेव्हा तेल पीत नव्हती. गेली तेव्हा पीत होती. मधे तुम्ही कशाला हात लावला, तेवढं सांगा." मालकाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या अप्पांना म्हणाला, "अप्पा, ह्यांना स्वल्प समजावून सांगा."

अप्पा म्हणजे तिचे थोरले दीर. मालक त्यांचा पत्त्यांतला भिडू. विधवा भावजय एकटी गाडी हाकत खेड्यात जाते, हे त्यांना कधीच सोसलं नव्हतं. गाडी घराण्याच्या नावावर होती. ती विकायची आणि अक्काने बंगळुरात घराजवळ, चामराजपेटेतच एखाद्या इस्पितळात बसायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फक्त कोणीतरी जाणत्याने तसं म्हणायला हवं होतं.

तो जाणता मी. अक्काने मला आधीच सांगितलं होतं, की एका रविवारी ये, टर्बोची बाजू उघडून बघ. मी आज-उद्या करत राहिलो. मला नोकरी अप्पांच्या शब्दावर लागली होती. एका दुपारी जेवताना अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, इंजिनिअर, तू सांग, ही गाडी बाईला झेपेल का? मी म्हणालो, "अवघड आहे, अप्पा."

अक्का समोरच बसली होती. तिने विचारलं, "तू उघडून बघितलंस?"

"त्यात बघायचं काय, अक्का."

"सरी," कानडीत 'बरं' एवढंच ती म्हणाली, आणि ताक ओतून घेतलं.

गाडी मातीमोल भावाने विकली गेली आणि घेतली त्या मालकानेच. थोड्याच दिवसांत ती धुराची रेघही न सोडता आमच्या रस्त्याने जाऊ लागली. एका संध्याकाळी अप्पांकडे कॉफी पिताना मालकाने खिशातून कागदी पॅकिंगचा, म्हणजे नळीच्या सांध्यात बसवायच्या चकतीचा, तुकडा काढला. टर्बोला तेल बारीक नळीने जोराने येतं आणि जाड नळीने नुसतं आपल्या वजनाने खाली उतरतं. परदेशी सुटे भाग मिळत नसल्यामुळे गॅरेजात पॅकिंग हातानेच कापत. पहिल्या वेळी तेलाचे थेंब थांबवताना बारीक नळीच्या मापाचं भोक पाडलेलं पॅकिंग जाड नळीला बसलं होतं. तेल खाली उतरेना, तुंबून टर्बोतून हवेबरोबर इंजिनात शिरे आणि जळे. एवढंच. मालकाला ती मोठी गंमत वाटली. अप्पा खो खो हसले. मीही हसलो.

अक्का तोवर होसकोट्याला राहायला गेली होती. रुसून नाही. गाडी नव्हती, आणि दवाखाना सोडायचा नव्हता. तिने दवाखान्याच्या मागच्या खोलीत संसार मांडला. त्या मालकाच्या बशीशेजारून उचललेलं पॅकिंग मी तिच्याकडे नेलं, पण न्यायला उगादी, म्हणजे पाडवा, उजाडावा लागला.

तिने त्या भोकात करंगळी घालून पाहिली. जाईना. मग तिने माझा इतिहास घेतला. कोणी कापलं? कोणी दाखवलं? तुला कधी कळलं? दिवाळीच्या आधी, मी म्हणालो. आतून एका बाईचं कण्हणं ऐकू आलं, तशी ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तो माणूस गाडी बंद करायच्या आधी स्वल्प थांबतो का रे?"

मी म्हणालो, नाही थांबत.

"सांग त्याला," म्हणाली आणि आत गेली. ती पुन्हा कधी चामराजपेटेत आली नाही.

मी त्याला सांगितलं नाही. आयुष्यात मी तिचं जे जे ऐकलं नाही, त्यातल्या एवढ्या एकाचीच मला खंत नाही. पुढच्या उन्हाळ्यात टर्बो करपला आणि ती गाडी गॅरेजच्या मागे विटांवर चढली. तिथे ती गंजून गळेपर्यंत मी रोज वाट वाकडी करून बघायला जात होतो.