फुकटचं जळण

आमच्या गोदामातली, माल रचायची मोडकी पण स्वच्छ लाकडी पॅलेटं सुताराकडे दुरुस्तीला जातात. कीटकनाशक सांडून भिजलेली मात्र आम्हा कामगारांना जळण म्हणून फुकट वाटतात. आज शेजारच्या सुमनवहिनी तसलीच फळी चुलीत सारत होत्या. त्या धुराचा वास घशाला असा चिकटला की मळमळून आलं.

"वहिनी, विष आहे हो हे."

"सातवीतून शाळा सोडलेला मला शिकवतोय!" त्या हसल्या. "तुझीपण भाकरी ह्यावरच होते. मेलास का आजवर?"

गावापासून इतक्या लांब मला जेवू घालणारं दुसरं आहे कोण? ह्या गोदामानं काम दिलं, तेही मी विसरत नाही. पण ज्या घाणीची नीट विल्हेवाट लावायची, ती आमच्या चुलीत ढकलायची आणि वर उपकार केल्याचा चेहरा करायचा, ह्याची किळस येते. आम्ही ती हात जोडून घेतो, ह्याची तर जास्तच.

मी उठलो. गोदामात सुतारासाठी ठेवलेल्या ढिगातलं एक पॅलेट फोडून कोरड्या फळ्या वहिनींच्या दारात आणून टाकल्या. उद्या गोदामाचे साहेब त्या पॅलेटचा जाब विचारतीलच. तरी चुलीतली जळती फळी मीच बाहेर ओढून विझवली.